बाईंची चूक

परत आलेला गठ्ठा टेबलावर उघडा पडला होता आणि शिवणाऱ्या पाचही जणी अगदी मन लावून सुईत दोरा ओवत होत्या. दवाखान्यासाठी शिवलेले पांढरे कोट. दोन कॉलरी वाकड्या, एक खिसा खाली घसरलेला आणि एका कोटाला काजं होती, बटणांचा पत्ता नव्हता.

मालक सकाळीच बोलून गेले होते. आता आणखी एक गठ्ठा परत आला, तर जिची चूक तिला घरी बसवायचं.

"कॉलर कोणाची?" बाईंनी विचारलं. बाई म्हणजे या शिवणखोलीच्या प्रमुख. मूळच्या कटिंगवाल्या. कातर हातात आली की कापड त्यांना वचकून असे. मशीनशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही.

"माझी नाही, बाई." पाचही जणींनी कानांवर हात ठेवले. त्यात मावशीही होत्या. एकोणीस वर्षं त्या याच खोलीत कॉलरी लावत होत्या आणि हल्ली त्यांना पांढऱ्यावरचा पांढरा टाका नीट दिसत नव्हता. हे कबूल करायचं म्हणजे मशीन सोडायचं. मग बिचाऱ्या वाकडी कॉलर गठ्ठ्याच्या तळाशी सारून देत आणि दिवसभर धसका घेऊन बसत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फर्मान काढलं. "आजपासून रोज एका कोटात मी मुद्दाम चूक करून ठेवणार. ती शोधायची. जिला सापडेल, तिला त्या दिवशी झाडलोट माफ."

झाडलोट माफ म्हटल्यावर काय विचारता. एरवी दुसरीच्या कामाकडे ढुंकूनही न बघणाऱ्या बायका शेजारणीचे कोट उलटेपालटे करून बघू लागल्या. काजं करणारीला, म्हणजे सगळ्यांच्या काजेवालीला, पहिल्याच दुपारी एक उसवलेला खिसा सापडला. "बाईंची सापडली," ती नाचतच म्हणाली. तेव्हापासून तेच नाव पडून गेलं. चूक दिसली की ती बाईंची. कधी दिवसात एक निघे, कधी चार. बाई तर एकच करणार होत्या, मग चार कशा, असं कोणी विचारलं नाही.

एके दिवशी मावशी स्वतःच कोट घेऊन बाईंपुढे उभ्या राहिल्या. कॉलर तिरकी होती.

"बाई, ही तुमचीच दिसतेय."

"माझीच," बाई म्हणाल्या. मावशींना किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

बाईंच्या चुका कॉलरींतच जास्त निघतात असं दिसल्यावर मावशींचं मशीन खिडकीशी गेलं. वर दिवा आला. कॉलरीवर आधी निळ्या दोऱ्याचा कच्चा टाका घालून द्यायचं काम काजेवालीने आपणहून अंगावर घेतलं. काही दिवसांनी मावशींच्या नाकावर चष्माही आला. त्यावर एकीनेही चकार शब्द काढला नाही.

सहा महिन्यांत एकही गठ्ठा परत आला नाही. मालक येऊन सगळ्यांना चहा पाजून गेले, पाचही मशीनं अशीच चालू देत म्हणाले. मावशी कप हातात घेऊन नुसत्या हसत बसल्या होत्या. आता मात्र बाईंना राहवेना.

"एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "मी चूक केली ती फक्त पहिल्या दिवशी. तो उसवलेला खिसा. बाकीच्या सगळ्या तुमच्याच होत्या."

बाईंना वाटलं, झालं, आता या रुसणार. काजेवाली पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. मावशींनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला.

"अहो बाई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कॉलर लावता तरी येते का?"