तोंडपाठ

कॉम्प्युटरच्या तासाला सर म्हणाले, “लॅपटॉपमध्ये घरच्या वायफायपुरता आकड्यांचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, पक्का भरला, की दुसऱ्यांच्या वायफायवर नेट चालत नाही.”

अरे देवा! काल प्रिंटर चालावा म्हणून मीच, मोठ्या ऐटीत, ताईच्या लॅपटॉपमध्ये तसा पत्ता भरला होता. “आमची इंजिनीअर गं ती!” ताई सगळ्यांना सांगत सुटली होती. आज ती लॅपटॉप घेऊन आत्याकडे साताऱ्याला, आणि अकरा वाजता तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत.

अकराला पाच कमी. मी धावत ऑफिसात. “मॅडम, ताईला लॅपटॉपमध्ये फक्त एक सेटिंग बदलायला सांगायचंय, प्लीज!”

मॅडमनी फोन पुढे सरकवला. “सांग नंबर.”

नंबर माझ्या मोबाइलमध्ये. मोबाइल घरी.

“अगं बोल ना, दहाच तर आकडे!”

मला तोंडपाठ होता तो फक्त लॅपटॉपचा पत्ता.