गर्द हिरवा अंगठा

विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत शिकलेली पंचफुला अधिकारी झाली. आता सही हिरव्या शाईत करायची, म्हणून ती वडिलांना घेऊन पाथरीच्या दुकानात गेली. शाईपेनासाठी तिनं सगळ्यात गर्द बाटली निवडली.

जन्मभर अंगठाच उठवत आलेले भगवानराव हसले. "बघू, मला शोभती का!" त्यांनी अंगठा शाईत ओला करून दुकानदाराच्या कागदावर टेकवला.

उमटला तो इवलासा, तान्ह्या बाळाचा.

"शाई कमी लागली आसंल." त्यांनी परत टेकवला. आता शाळकरी पोराचा उमटला. मग रापलेला, रुंद, त्यांचाच आत्ताचा.

"आबा, पुरं करा!" पंचफुलानं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

अंगठा हवेतच राहिला. कागदावर मात्र पुढचा ठसा आपोआप उमटत गेला, हिरवा, ओला. त्यात एकही रेघ नव्हती.