मीटरवरचं कुंकू

“इथे जुन्या मालकाची सही.” वीज कार्यालयातल्या शिवाप्पाने अर्जावर बोट ठेवलं. “स्वल्प लवकर करा अण्णा. साहेब एकदा जेवायला उठले की तीनपर्यंत हाती लागत नाहीत.”

नागनाथअण्णांनी पेनाचं टोपण काढलं. मल्लेश्वरमचं घर विकून झालं होतं, नोंदणीही झाली होती. मागे राहिलं होतं ते फक्त छतावरचं सोलर. वापरून उरलेली वीज लाइनला परत देण्याची परवानगी अजून अण्णांच्याच नावावर होती. ती आज सुखदाच्या नावावर झाली, की संध्याकाळच्या गाडीने अण्णा निपाणीला मुलीकडे जायला मोकळे.

ते घर शेजारी बसलेल्या सुखदाने घेतलं होतं. पुण्याहून आलेली, आयटीतली, बोलायला मोकळी.

“अण्णा, तुमच्या मीटरवर कुंकवाचं बोट आहे,” ती म्हणाली. “मी पुसणार नाहीये. राहू दे तसंच.”

“हिने लावलं होतं. मीटर बसवला त्या दिवशी.”

सुनंदाबाईंनी नाकातली ऑक्सिजनची नळी एका हाताने सांभाळत मीटरला कुंकू लावलं होतं आणि अण्णांना नारळ फोडायला लावला होता. बसवणारी माणसं हसली होती. अण्णाही हसले होते. अण्णांना त्या दिवशी जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

पुढे सव्वा महिना ते रोज सकाळी वर जाऊन पॅनेलं पुसायचे. मग गेल्या वैशाखात सुनंदाबाई गेल्या. त्यानंतर अण्णांनी छताच्या जिन्यावर पाऊल ठेवलं नाही. दुखणं जुनंच होतं, त्यामुळे त्या कशा गेल्या हे कुणी खोदून विचारलं नाही. उलट, बायकोचं शेवटपर्यंत किती केलं, म्हणून गल्लीत अण्णांचं कौतुकच व्हायचं. ते कौतुक त्यांना सोसत नसे. पण खरं सांगायचं धाडसही होत नसे. मुलीलासुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं. आता ही एक सही झाली, की इथे विचारणारं कुणी उरणार नव्हतं.

सहीचं पहिलं अक्षर कागदावर उमटलं.

“रविवारी बाबांना घेऊन येतेय,” सुखदा सांगत होती. “त्यांनाही ऑक्सिजनचं मशीन लागतं, दिवसरात्र. पुण्यात लाइट गेली की आमची नुसती तारांबळ व्हायची. आता डोक्यावर आपलं सोलर आहे म्हटल्यावर मी इन्व्हर्टर विकून टाकला. सिलिंडरही परत करून आले. कशाला ते ओझं?”

अण्णांचं पेन थांबलं.

“येन आयतु अण्णा, काय झालं?” शिवाप्पा घड्याळाकडे बघत म्हणाला. “एवढी सही करा आणि सुटा की.”

अण्णांना खरोखरच सुटायचं होतं. त्यांनी अर्जाकडे पाहिलं, मग सुखदाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचा तोच आनंद होता.

“रविवारी नको आणूस त्यांना,” ते म्हणाले. “आधी बॅटरी बसवून घे. सिलिंडर घरात आणून ठेव. लाइनची वीज गेली की हे सोलरही बंद पडतं.”

सुखदाला ते खरं वाटेना. तिने शिवाप्पाकडे पाहिलं.

“हौदु मॅडम,” शिवाप्पाने मान डोलावली. “लाइन गेली की ते आपोआप बंद होतंय. नाहीतर खांबावर चढलेल्या आमच्या माणसाला शॉक बसेल. तुमच्या सोलरला बॅटरी नाही, मग घरात काय चालणार?”

“पण भर उन्हात कसं बंद पडेल?” सुखदाचा आवाज उतरला होता. “वर जाऊन पॅनेलं पुसली तर? धुळीने भरलीत ती. पुसली की होईल ना सुरू?”

अण्णांनी पेन खाली ठेवलं.

“मलाही तसंच वाटलं होतं, बाळ,” ते म्हणाले. “सुनंदा खाली गुदमरत होती, तेव्हा मी वर पॅनेलं पुसत होतो.”