रिकाम्या डब्यांचं मत

"घंटागाडी बंद करायला कुणाची हरकत आहे का?" नगरपालिकेच्या नियोजक यंत्राने सभागृहाच्या भिंतीतून विचारलं. त्याला चेहरा नव्हता, पण आवाजात अदब होती.

"हरकत कसली?" शिरोडेकाकांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. "घरचे डबेच आता कचरा गिळून त्याची माती करतात. रिकामी गाडी फिरवायची कशाला?"

भराभर हात वर झाले. मागच्या रांगेत खटावकरबाईंनीही हात वर केला, पण जेमतेम खांद्यापर्यंत. रोज सकाळी घंटा वाजली की त्या रिकामा डबा घेऊन दारात जायच्या. गाडीवरची रेश्मा तो उलटा करायचं नाटक करायची आणि विचारायची, "मावशी, आज भाजी कसली?" दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस.

"हात जरा वरच राहू द्या, मोजतोय," नियोजक म्हणाला. "पण मला डबेही मोजावे लागतात."

बाईंनी मान खाली घातली. आता हा मेला भरसभेत आपलं नाव घेणार!

"या प्रभागातली निम्मी घरं रोज रिकामाच डबा बाहेर आणतात," तो म्हणाला. "नावं मी कुणालाही सांगणार नाही. पण तेही तुमचंच मत आहे, गाडीच्या बाजूने, असं मी धरतो."

यंत्र असून केवढी ही समज, बाईंच्या मनात आलं. त्यांनी हळूच वर पाहिलं. शिरोडेकाकांचा हात सगळ्यांच्या आधी खाली आला होता.