लाल सूत

दाणा न घालता, पाला न तोडता बन्सीधरला एक करडू मिळायचं होतं. शेळी त्याची, राबणूक चतुराबाईची, करडं निम्मीनिम्मी. पिंगळी गावात अर्धलीची रीत तीच. फक्त मागच्या दोन वेतांत एक गंमत झाली. दोन्ही वेळा जगलेलं करडू बन्सीधरचं निघालं आणि मेलेलं चतुराबाईचं. या गावात मरणसुद्धा बन्सीधरला विचारून येतं, असं लोक म्हणायचे.

म्हणून यंदा शेळी व्याली त्याच दिवशी चतुराबाईनं त्याला बोलावलं. "बन्सीभाऊ, आत्ताच निवडा. मागून मेलेलं माझ्या पदरात टाकायचं न्हाई."

वांगी निवडावीत तशी त्यानं दोन्ही करडं चाचपली. काळं भारी भरलं. त्याच्या गळ्यात लाल सूत बांधून तो गेला. तांबडं राहिलं चतुराबाईला.

बन्सीधरच्या हाताला तपकिरीचा वास. काळ्याला तो इतका लागला, की शेळी त्याला जवळ घेईना. मग ते कावेरीच्या मांडीवर आलं. कावेरी चतुराबाईची लेक. बाळंतपणाला आली होती. मूल बारशाआधीच गेलं. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती. करडाला बोळ्यानं दूध पाजताना मात्र तिला कंठ फुटला.

"त्यांचं हाय गं ते. तांबड्याला घे," आई म्हणायची. कावेरी ऐकत नव्हती. बन्सीधर रोज आपला माल बघायला यायचा. ती पाठ फिरवून करडू पदराआड घ्यायची.

पौषातल्या एका सकाळी चतुराबाई पाला घेऊन आली, तर दारात बन्सीधर गल्ली गोळा करून ओरडत होता. "मारलंस की गं माझं करडू! तुझं बरं जगलं!"

गोठ्यात करडू ताठ पडलेलं. गळ्यात लाल सूत. चतुराबाईच्या हातून भारा सुटला. ती आधी घरात पळाली. चुलीपाशी कावेरी झोपली होती. पदरात काळं करडू, ऊबदार, श्वास घेत. त्याचा गळा मोकळा.

ती बाहेर आली. मेलेलं नीट पाहिलं. तांबडं होतं. सुताच्या नव्या गाठीला तपकिरीचा वास येत होता.

"बन्सीभाऊ," ती हळूच म्हणाली, "आवं, तुमचं तर काळं—"

"मला रंग शिकवायलीस का?" तो तिच्यावरच खेकसला. "सूत ज्याच्या गळ्यात ते माझं. तूच ठरवलंस न्हवं?"

चतुराबाईनं पदर तोंडाशी धरला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं झालं! दोनदा माझी मेली. एकदा तुमचं बी मरू द्या की!"

गल्ली खदखदून हसली. बन्सीधर शिव्या घालत करडू पुरायला घेऊन गेला. चतुर माणूस कसा बुडाला, हे गाव पुढं पोळ्यापर्यंत चघळत राहिलं.

मेलं होतं चतुराबाईचं. गेलं बन्सीधरचं.