दिनकररावांचं आळं

“वहिनी, तुमच्या झाडाची पानं रोज आमच्या पायरीवर! गिऱ्हाईक घसरलं तर?” शेजारचे चपलांचे दुकानदार मगदूम पुटपुटले, पण ऐकू जाईल असं. शैलाने झाडू उचलला.

पेठेतल्या प्रत्येक झाडात ते लावणाऱ्याच्या रक्तातल्या पेशी होत्या. म्हणजे माणूस झाडाला जिवापाड जपेल, असा व्यापारी मंडळाचा हिशेब. पेठ खरंच हिरवीगार झाली. फक्त माणूस आतून पोखरला की डॉक्टरला कळायच्या आधी झाड पिवळं पडायचं, आणि माणूस गेला की झाडही जायचं.

शैलाच्या नवऱ्याचं, दिनकररावांचं झाड दिवाळीपासून पिवळं होतं. तेव्हापासून सगळे कीड, पाणी आणि उन्हावर बोलत होते. कुणी शेणखत आणलं, कुणी ताक ओतलं. दिनकररावांसाठी मात्र कुणी वाटीभर पेजसुद्धा आणली नाही. शैलाही सकाळी आधी बुंध्याला हळद लावायची, मग नवऱ्याला औषध द्यायची.

आज मगदुमांच्या हातात पिशवीतलं रोप होतं, त्यांच्या नातवाच्या रक्ताचं. पेठेत आळं रिकामं नाही म्हणून ते वर्षभर परसात पडून होतं.

“सहज आणलंय. जरा हवा लागू दे,” म्हणत त्यांनी ते नेमकं दिनकररावांच्या आळ्याच्या काठावर ठेवलं. शैलाच्या हातातला झाडू थांबला.

आपल्या बांगड्यांच्या दुकानातून दिनकरराव बाहेर वाकले. रोपाकडे पाहत म्हणाले, “मगदूम, पिशवी मोठी घ्या हो. मुळं कोंडलीत पोराची. मला मरायला अजून महिनाभर तरी लागेल.”