सुट्टीतलं रडणं

डॉक्टरांनी कानामागची चकती काढली, तरी सोळा वर्षांच्या गार्गीने समोरचं पान न अडखळता वाचलं. सातव्या वर्षी तिला अक्षरं उलटी दिसायची आणि घाबरून ती पुस्तक फेकून द्यायची. चकतीने भीती शोषून घेतली, म्हणून ती शिकली.

"आता हॉस्टेलात गेलीस की आईला फोनसुद्धा करणार नाहीस!" डॉक्टर हसले.

गार्गीने आईचा हात घट्ट धरला आणि ओठ काढून लहान मुलीसारखी रडू लागली.

डॉक्टरांचं हसू गेलं. "ताई, बाकीची भीती तिची तिने सोसायला शिकावी म्हणून दर सुट्टीत चकती काढून ठेवायला सांगितलं होतं ना?"

"काढली की रडायची हो. बघवत नव्हतं," गार्गीची आई शर्वरी म्हणाली.

तिने मुलीला उचलून घ्यायला हात पुढे केले. गार्गी तिच्याहून वीतभर उंच होती.